खांबावर राहिलेले हात

इटलीत रावेना म्हणून शहर आहे, तिथल्या सांत अपोलिनारे नुओवो या चर्चच्या एका भिंतीवर राजवाड्याचं मोझेक, म्हणजे छोट्या रंगीत खड्यांचं चित्र, आहे. सोनेरी पार्श्वभूमी, ओळीने पांढरे खांब, कमानी, वर ठळक अक्षरात 'पलातियुम' आणि खांबांच्या मधे गाठी मारलेले पडदे. पहिल्यांदा बघताना एवढंच दिसतं. मग कोणीतरी म्हणतं की जरा खांब नीट बघ, आणि बघितलं की काटा येतो अंगावर, कारण दोन-तीन खांबांवर माणसांचे हात आहेत. नुसते हात. बोटं आहेत, मनगट आहे, पुढे माणूसच नाही, त्याच्या जागी पडदा.

झालं असं की हे चर्च बांधलं थिओडोरिक या गॉथ राजाने, सहाव्या शतकाच्या सुरुवातीला. तो ख्रिश्चनच, पण एरियन पंथाचा, म्हणजे येशू देवपित्याच्या बरोबरीचा नाही असं मानणाऱ्यांपैकी. ५४० मधे कॉन्स्टँटिनोपलच्या (म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या) फौजेने रावेना घेतलं, ५६१ च्या सुमारास चर्च विरुद्ध पंथाकडे गेलं, आणि भिंतीवरची माणसं (बहुतेक राजा आणि त्याचा दरबार) नकोशी झाली. कारागिरांनी त्यांचे खडे उपटले आणि जागा पडद्यांनी भरून काढली. पण काही हात खांबांवर आलेले होते, ते काढायचे तर खांबही नव्याने भरावे लागले असते. कंटाळा केला असेल, किंवा मजुरी तेवढ्याचीच ठरली असेल. राहिले हात.

आता थेट २४ जुलै २०२० वर येऊ. इस्तंबूलची हागिया सोफिया आधी चर्च, १४५३ पासून ऑटोमन तुर्कांची मशीद, १९३४ च्या निर्णयाने म्युझियम आणि २०२० मधे पुन्हा मशीद. त्या दिवशी तिथे ८६ वर्षांनी नमाज झाली, आणि त्या दिवशी मेरीच्या मोझेकसमोर पडदे ओढलेले होते. दीड हजार वर्षांच्या अंतराने तेच शहाणपण. नको असलेल्या माणसासमोर पडदा.

त्या वेळी आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन दिवस धुमाकूळ चालला होता. एक गट म्हणे ते मूळचं चर्च आहे, चर्चला द्या, दुसरा म्हणे जिंकलं त्याचं, आणि शेजारी आमचे एक मामा दर तासाला 'म्युझियमच बरं होतं' एवढंच टाकायचे. (कोणीतरी लगेच गाडी आपल्याकडच्या वादांवर वळवली, ती मी इथे वळवणार नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.) मला खटकलं ते हे की तिन्ही गट एक गोष्ट गृहीत धरून बोलत होते, की इमारत ही कोणाची तरी एकाचीच असते, फक्त कोणाची ते ठरवायचं बाकी आहे. आणि ही सवय आपल्याला लागते कुठून, तर मला वाटतं बरीचशी शिकण्याच्या पद्धतीतून.

मी आर्किटेक्चर शिकलो तेव्हा हिस्टरीचा पेपर असायचा, त्यात अर्ली ख्रिश्चन, बायझंटाईन, इस्लामिक, मग रोमनेस्क आणि गॉथिक असे सुटे सुटे टॉपिक. नोट्स ठरलेल्या. अर्ली ख्रिश्चन म्हणजे बॅसिलिका, लांबट हॉल आणि टोकाला अर्धगोल. बायझंटाईन म्हणजे पेंडेंटिव्ह, चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर चारी कोपऱ्यात जे वळणदार त्रिकोण लागतात ते. इस्लामिक म्हणजे घोड्याच्या नालेसारखी कमान, भौमितिक नक्षी. गॉथिक म्हणजे टोकदार कमान आणि फ्लाइंग बट्रेस, भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या अर्ध्या कमानी. प्रत्येकी एक स्केच, एक सेक्शन, पाच मार्क. एका टॉपिकचा दुसऱ्याशी संबंध विचारलेला मला एकही प्रश्न आठवत नाही.

हे डबे आले कुठून ते बघायला गेलं तर गंमत आहे. बॅनिस्टर फ्लेचर या इंग्रज आर्किटेक्टच्या वास्तुकलेच्या इतिहासावर जगभरच्या आर्किटेक्टांच्या पिढ्या वाढल्या, आणि त्याच्या १९०१ च्या आवृत्तीत तर सरळ दोन भाग होते, मुख्यतः युरोपच्या शैली 'ऐतिहासिक' आणि भारतीय, चिनी, जपानी, सॅरासेनिक म्हणजे इस्लामी वगैरे 'अनैतिहासिक'. म्हणजे कॉर्डोबाची मशीद स्पेनमधे असून इतिहासाच्या बाहेर! ते वर्गीकरण आता कोणी तोंडावर आणत नाही, पण डबे मात्र टिकले.

नावांचं बघा. 'बायझंटाईन' हा शब्द कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांनी स्वतःच्या राज्यासाठी वापरलाच नाही, ते स्वतःला रोमन म्हणवायचे, अगदी १४५३ ला शहर पडेपर्यंत. साम्राज्याला ते नाव चिकटवलं १५५७ मधे हिएरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाने, साम्राज्य संपून शंभर वर्षं झाल्यावर. 'गॉथिक' ही तर शिवी आहे, रेनेसाँच्या इटालियनांना ती टोकदार कमानींची शैली रानटी वाटायची म्हणून त्यांनी ती गॉथ टोळ्यांच्या नावे केली, प्रत्यक्षात थिओडोरिकच्या गॉथांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. (सीएसएमटीला रोज उतरणारे लाखो लोक त्या शिवीच्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नकलेखालून लोकल पकडतात, आणि छान आहे ती नक्कल.) आणि 'मध्ययुग'? मधलं म्हणजे कशाच्या मधलं? त्या काळातल्या कोणाला आपण मधे आहोत असं वाटत नव्हतं.

नावं नंतरची असली म्हणून टाकाऊ ठरत नाहीत, काही तरी म्हणावं लागतंच. त्रास होतो तो नावाची भिंत झाली की. जेरुसलेमचं डोम ऑफ द रॉक घ्या. इस्लामी वास्तुकलेचं शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं मोठं काम, खलिफा अब्द अल-मलिकने बांधलेलं, हिजरी ७२ म्हणजे ६९१-९२. प्रेषित महंमद जाऊन जेमतेम ६० वर्षं झालेली, आजूबाजूला बहुतांश प्रजा अजून ख्रिश्चन. अष्टकोनी प्लॅन, आत खांबांचं वर्तुळ, त्यावर घुमट. असे प्लॅन तिथल्या चर्चमधे आधीपासून होते, जेरुसलेम-बेथलेहेम रस्त्यावर अष्टकोनी चर्च होतं, आणि जवळच्या होली सेपल्कर चर्चच्या गोल घुमटाचा व्यास याच्या व्यासाच्या अगदी जवळ जातो. आतलं मोझेक सोनेरी काचेच्या खड्यांचं, त्याच तंत्राचं जे रावेनात आहे.

इथे लगेच दोन प्रकारची माणसं उड्या मारतात. एक म्हणतात, बघा, सगळी कॉपी. दुसरे चिडतात आणि म्हणतात प्रभाव-बिभाव काही नाही, सगळं स्वतःचं. दोघांनीही भिंतीकडे नीट बघितलेलं नसतं. त्या भिंतीवर एकही माणूस नाही, एकही प्राणी नाही. झाडं आहेत, वेली आहेत, फुलदाण्या आहेत, मुकुट आणि दागिने आहेत, आणि सगळ्यावर निळ्यात सोनेरी अरबी अक्षरांचा पट्टा फिरतो, साधारण २४० मीटर लांब. चर्चमधे ज्या जागी संत उभे असायचे तिथे इथे अक्षरं उभी आहेत. तंत्र शेजाऱ्याचं, हातही बहुधा तिथल्याच कारागिरांचे, आणि म्हणणं पूर्ण नवीन. ते नवीनपण कळायला आधी शेजारी माहीत हवा. तो वेगळ्या डब्यात, वेगळ्या आठवड्यात, वेगळ्या सरांकडे असेल तर 'मानवी आकृती नसतात' हा नोट्समधला एक पॉइंट होतो फक्त.

शिवाय चित्र असावं की नसावं हा वाद काही मुसलमानांच्या घरातला एकट्याचा नव्हता. आठव्या शतकात खुद्द कॉन्स्टँटिनोपलमधे सम्राटांनी येशू-मेरीच्या प्रतिमांवर बंदी आणली, मधे एकदा उठवली, पुन्हा आणली, आणि कायमची उठली ८४३ मधे. हागिया सोफियातली जी मेरी आज पडद्याआड असते ती त्या बंदीनंतरची आहे, ८६७ मधे पॅट्रिआर्क म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू फोटियोस याने तिच्या अनावरणाचं प्रवचन दिलं होतं. म्हणजे १५०० वर्षांच्या इमारतीत ती मूळची नाहीच! ५३७ मधे सम्राट जस्टिनियनने चर्च उघडलं तेव्हा ती तिथे नव्हती. 'मूळ स्वरूपात आणा' म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. कुठल्या मूळ?

कारण तो घुमटसुद्धा मूळचा नाही. जानेवारी ५३२ च्या दंगलीत जुनं चर्च जळालं, आणि अँथेमियस आणि इसिडोर या दोघांनी सहा वर्षांच्या आत नवं उभं केलं. दोघेही गणित-भूमितीतले, त्यामुळे हिंमत केली आणि साधारण ३१ मीटर व्यासाचा घुमट चार कमानींवर टाकला, तळाशी ४० खिडक्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं घुमट प्रकाशावर तरंगतोय. भूकंपांनी खिळखिळा झाला आणि ५५८ मधे कोसळला. मग इसिडोरच्या पुतण्याने जास्त उंच, कमी पसरट घुमट बांधला आणि ५६२ मधे चर्च पुन्हा उघडलं. दहाव्या आणि चौदाव्या शतकात त्याचेही भाग पडले आणि दुरुस्त झाले. सोळाव्या शतकात सिनान या ऑटोमन वास्तुविशारदाने बाहेरून आधाराच्या भिंती दिल्या, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या आधाराशिवाय आज भांडायला इमारतच नसती. जस्टिनियनचं चर्च उभं आहे ते सुलतानाच्या माणसाच्या खांद्यावर. आणि तोच सिनान ते चर्च बघत बघत सुलेमानिये मशिदीचा घुमट बांधायला शिकला. सांगा आता कोणाचं काय.

आणि लुटीचं म्हणाल तर १२०४ मधे हागिया सोफिया लुटली ती ख्रिश्चन क्रुसेडरांनी. व्हेनिसच्या ज्या म्हाताऱ्या डोजने, म्हणजे तिथल्या सत्ताप्रमुखाने, एनरिको दांदोलोने, त्यांना तिकडे नेलं त्याला पुरलं पण त्याच इमारतीत.

'म्युझियमच बरं होतं' म्हणणाऱ्या मामांकडे माझा ओढा जास्त आहे, पण म्युझियम म्हणजे तटस्थ, हे मला पटत नाही. १९३४ च्या निर्णयानंतर गालिचे निघाले, शेजारचा ऑटोमन मदरसा पाडला गेला, आणि आतल्या अल्ला-महंमद आणि खलिफांच्या नावांच्या प्रचंड गोल फलकांना खाली उतरवलं. ते बाहेर का नाही गेले? दारातून मावले नाहीत! साडेसात मीटरच्या आसपास व्यास आहे त्यांचा. तिथेच पडून राहिले आणि १९४९ मधे परत वर लागले. म्हणजे म्युझियमवाल्यांनाही एक थर नकोसाच होता, दार मोठं असतं तर गेला असता. प्रत्येक मालकाला असंच वाटतं की माझ्या आधीचं ते महत्त्वाचं, किंवा माझं ते महत्त्वाचं, मधलं तेवढं साफ करू.

साफ करायची हौस कुठे जाते ते अथेन्सला बघावं. पार्थेनॉन हे अथेना देवीचं प्राचीन मंदिर जवळजवळ हजार वर्षं मेरीचं चर्च होतं, मग मशीद झालं, १६८७ मधे व्हेनिसच्या तोफेने उडालं. स्वतंत्र ग्रीसने एकोणिसाव्या शतकात आतली छोटी मशीद काढली, टेकडीवरचा मध्ययुगीन मनोरा १८७० च्या दशकात पाडला, कारण त्यांना पेरिक्लिसचं अथेन्स हवं होतं. आज तिथे गेलेल्या माणसाला वाटतं की इसवी सनपूर्व पाचव्या शतकानंतर थेट तिकीट खिडकीच उघडली. स्वतःच्याच हजार वर्षांच्या ख्रिश्चन इतिहासाला त्यांनी मलबा समजून उचललं.

कॉर्डोबाला उलटं आहे. तिथली मशीद अब्द अल-रहमान पहिल्याने ७८५ च्या सुमारास सुरू केली, जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब आणून. ते खांब बुटके, मग उंची वाढवायला कमानीवर कमान असे दोन मजले चढवले, लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून. म्हणजे जे जगप्रसिद्ध झालं ते मुळात मापात न बसणाऱ्या मालावरचा जुगाड होता, साइटवर काम केलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटेल. नंतर दहाव्या शतकात अल-हकम दुसऱ्याने नवा मिहराब, म्हणजे नमाजेची दिशा दाखवणारा कोनाडा, केला, त्याच्या मोझेकसाठी अरबी इतिहासकार सांगतात की कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने कारागीर पाठवला आणि सोबत काचेच्या खड्यांचे ३२० क्विंटल. ख्रिश्चन सम्राट मशिदीसाठी माल पाठवतो! राजकारण होतंच त्यात, बगदादचा खलिफा दोघांनाही खुपत होता. पण आपल्या डब्यात हा मिहराब कुठे टाकणार, बायझंटाईनमधे की इस्लामिकमधे?

१२३६ मधे शहर ख्रिश्चन राजाने घेतलं आणि मशिदीचं कॅथेड्रल झालं. जवळजवळ ३०० वर्षं ते फारशी मोडतोड न करता वापरलं. १५२३ मधे बिशपने मधोमध उंच चर्च घुसवायला घेतलं तेव्हा विरोध केला तो कॉर्डोबाच्या नगरपालिकेने, जे कामाला जातील त्यांना देहदंड देऊ म्हणून. ख्रिश्चन नगरपालिका, मशिदीची कमान तुटू नये म्हणून, स्वतःच्या बिशपविरुद्ध. वरून सम्राटाने परवानगी दिली आणि काम झालं. आणि अलीकडे, २००६ मधे, चर्चने अवघ्या ३० युरोत ही वास्तू आपल्या नावे रजिस्टर करून घेतली, पर्यटकांच्या पत्रकांवर 'कॅथेड्रल' मोठं आणि 'मशीद' बारीक होत गेलं, त्यावर तिथले नागरिक भांडतायत. मला त्या १५२३ च्या नगरसेवकांइतकं शहाणं आजच्या वादात कोणी दिसत नाही. त्यांना कळत होतं की श्रद्धा एक आणि हाताखाली आलेली वस्तू एक.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हागिया सोफियातल्या नमाजेला माझा विरोध नाही, प्रार्थना चालू असलेली इमारत मेलेली नसते हे खरंच आहे, आणि जवळजवळ ४८० वर्षं तिथे नमाज होत होती, तोही एक अस्सल थर आहे. विरोध आहे तो पडद्याला आणि दाराला. नमाजेची वेळ सोडून मेरी उघडी हवी. खालचा संगमरवर मार्मारा बेटावरच्या खाणीतला, त्यावर आता कडेपर्यंत गालिचा आहे, तो काही भागात तरी उघडा ठेवता येईल. आणि जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना २५ युरो घेऊन फक्त वरच्या गॅलरीत पाठवतात, खालचा मजला नमाजींचा. म्हणजे इमारत आडवी कापली, वर इतिहास आणि खाली धर्म. घुमट तर खालून बघायला बांधलेला आहे हो. खाली उभं राहून मान वर केल्याशिवाय ते काम कळतच नाही. त्याच शहरातल्या कारिये या जुन्या चर्चमधेही, जिथे १३१५ ते १३२१ च्या मोझेकांनी भिंती भरल्यात, मे २०२४ पासून पुन्हा नमाज सुरू झालीय.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो, की अभ्यासाने काय होणार, निर्णय तर मतांसाठी होतात. होतात. पण मतं देणाऱ्याच्या डोक्यात इमारतीचं एकच नाव असेल तर निर्णय घेणाऱ्याचं काम किती सोपं होतं ते बघा. दुसरा आक्षेप मास्तर लोकांचा, डबे काढले तर शिकवणार कसं, सिलॅबस पसरेल. पसरू दे. धर्मवार न लावता शतकवार आणि बंदरवार लावा. एक आठवडा नुसता सिसिली बेटावरच्या पालेर्मोला द्या. ११४० च्या दशकातलं राजा रॉजर दुसऱ्याचं खासगी चर्च, राजा नॉर्मन, भिंतींवर ग्रीक लेखांची बायझंटाईन पद्धतीची मोझेकं, आणि डोक्यावर लाकडी छत मुकर्नासचं, मधाच्या पोळ्यासारख्या लोंबत्या खणांचं, त्यावर रंगवलेले पेले धरलेले आणि वाद्यं वाजवणारे लोक आणि अरबी अक्षरं. त्याच राजाचा लाल रेशमी झगा आज व्हिएन्नात आहे, उंटावर झडप घातलेले सिंह त्यावर जरीने भरलेत, काठावर अरबीत लिहिलंय की हिजरी ५२८ मधे राजाच्या कारखान्यात बनवला. पुढे हा झगा पवित्र रोमन सम्राट राज्याभिषेकाला अंगावर घ्यायचे. ख्रिश्चन जगाचा सर्वोच्च सम्राट, हिजरी सन पाठीवर घेऊन. एवढं एक उदाहरण पोरांना नीट शिकवलं तर बाकी नोट्स आपोआप ढिल्या होतात.

तारखेवरून आठवलं, डोम ऑफ द रॉकमधे नंतर खलिफा अल-मामूनने अब्द अल-मलिकचं नाव काढून स्वतःचं बसवलं. तारीख बदलायची मात्र राहिली, त्यामुळे त्या भिंतीवरच्या अक्षरांत नाव मामूनचं आणि साल त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचं.

माझी पुतणी आता आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मी रावेनाच्या त्या हातांचा फोटो पाठवला, खाली थोडी गोष्ट लिहिली, गॉथ राजा, एरियन पंथ, पडदे वगैरे सगळं. दहा मिनिटांनी रिप्लाय आला, 'काका भारी आहे हे!! पण अर्ली ख्रिश्चनमधे लिहू की बायझंटाईनमधे? पेपर परवा आहे.'